‘प्रत्येक सॉकेट वेगळं’ ही सबब पुरे

कृत्रिम पायांच्या क्षेत्रात एक युक्तिवाद इतका रुळला आहे की त्याला आता कुणी हटकतही नाही. सॉकेटची ताकद तपासता का, असं विचारलं की उत्तर तयार असतं. प्रत्येक सॉकेट एकाच माणसाच्या मापाचं, ते दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं नाही. ते तपासायचं म्हणजे मोडायचं, आणि मोडल्यावर त्या माणसाने घालायचं काय? प्रश्न बिनतोड वाटतो. विचारणारा गप्प बसतो आणि चर्चा शिबिरात किती पाय वाटले, याकडे वळते.

युक्तिवादाचा पहिला भाग खरा आहे, दुसरा साफ खोटा. सॉकेट प्रत्येकाचं वेगळं असतं हे खरं. पण म्हणून त्याची चाचणी होऊ शकत नाही, हे त्यातून निघत नाही. तपासायची असते ती सॉकेट बनवण्याची कृती: कोणता धागा, किती थर, कोणतं रेझिन, किती हार्डनर, जोडाची पट्टी कशी बसवली आणि हे सगळं कोणत्या वर्कशॉपमध्ये कुणी केलं. ही कृती माणसागणिक बदलत नाही. ती महिनोन्‌महिने तीच राहते, आणि तिच्यात चूक असेल तर तीही महिनोन्‌महिने तीच राहते.

गुडघ्याखालचा कृत्रिम पाय सुटा करून टेबलावर मांडला की चार गोष्टी दिसतात: तळाशी पाऊल, त्यावर धातूची नळी म्हणजे पायलॉन, नळीच्या टोकांना अ‍ॅडॅप्टर आणि सगळ्यात वर सॉकेट. यांतल्या पहिल्या तिन्हींसाठी आयएसओ १०३२८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. नामांकित कंपनीच्या कॅटलॉगमध्ये अ‍ॅडॅप्टरपुढे किती किलो वजनाच्या माणसासाठी तो चालेल ते छापलेलं असतं, आणि त्या आकड्यामागे यंत्रावर मोडलेले नमुने असतात. सॉकेटला मात्र असं काही नाही. त्याच्यासाठी या मानकात स्वतंत्र चाचणीच दिलेली नाही. माणसाचा उरलेला पाय ज्यात बसतो, शरीराचं सगळं वजन ज्यातून खाली उतरतं, नेमका तोच भाग परीक्षेतून सुटलेला आहे.

मानकातले आकडे पाहिले की ही सूट किती मोठी आहे ते कळतं. १०० किलो वजनाच्या माणसासाठीच्या पातळीला पी-५ म्हणतात. ८० किलोंसाठी पी-४ आणि ६० किलोंसाठी पी-३ आहे. भार दोन स्थितींत द्यायचा, एकदा टाच टेकतानाचा आणि एकदा चवड्यावरून पुढे रेटतानाचा. पी-५ पातळीवर चवड्याच्या स्थितीत नमुन्याने ४०२५ न्यूटन, म्हणजे सुमारे ४१० किलोंचा भार सोसला पाहिजे. हा भार सरळ उभा उतरत नाही. तो नळीच्या रेषेपासून बाजूला सरकवून दिलेला असतो, त्यामुळे दाबाबरोबर वाकवणंही येतं. शंभर किलोंच्या माणसासाठी चारशे किलो कशाला, असं वाटेल. पण चालत्या एसटीतून उतरताना बसलेला धक्का, उंबऱ्याला अडखळून सावरताना पडलेला झोक आणि वर सुरक्षिततेची राखीव ताकद हे सगळं त्यात धरावं लागतं.

याच मानकात एक फार शहाणी तरतूद आहे. मोडण्याआधी जो नमुना वाकतो, ताणला जातो, म्हणजे काही तरी बिनसल्याचा इशारा देतो, त्याला याच स्थितीत ३०१९ न्यूटनवर उत्तीर्ण करतात. जो इशारा न देता कडकन मोडतो, त्याला मात्र ४०२५ न्यूटन सोसावेच लागतात. ठिसूळ वस्तूकडून मानक जास्त ताकद मागतं. कार्बन फायबरच्या जाहिराती वाचणाऱ्याने ही तरतूद ध्यानात ठेवावी, तिचं काम पुढे पडणार आहे.

सॉकेट तपासता येत नाही म्हणणाऱ्यांना पहिलं उत्तर हेच, की ती तपासून झालेली आहेत. १९९९ साली करंट, कोगलर आणि बार्थ या अमेरिकी संशोधकांनी ‘प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स इंटरनॅशनल’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी गुडघ्याखालच्या पायाची दहा कंपोझिट सॉकेटं बनवली होती. मजबुतीचे धागे पाच प्रकारचे, रेझिन दोन प्रकारची. खाली नेहमीची चार भोकांची पट्टी लावून प्रत्येक सॉकेट मोडेपर्यंत दाबलं. ४०२५ न्यूटनची पायरी दहांपैकी एकालाही गाठता आली नाही. दुसरी गोष्ट आणखी बोलकी. दहाही सॉकेटं एकाच जागी मोडली, जिथे खालच्या पट्टीचा जोड होता तिथे.

२०१२ साली गेर्शुट्झ आणि सहकाऱ्यांनी याहून मोठं काम केलं. सॉकेटं प्रयोगशाळेत न बनवता त्यांनी ती वेगवेगळ्या वर्कशॉपांकडून बनवून घेतली. तात्पुरती चेक सॉकेटं, कोपॉलिमर प्लॅस्टिकची सॉकेटं आणि कायमस्वरूपी वापरायची लॅमिनेटेड, म्हणजे धाग्यांच्या थरांत रेझिन मुरवलेली सॉकेटं, असे तिन्ही प्रकार त्यांत होते. प्लॅस्टिकच्या सॉकेटांपैकी बहुसंख्य लवचीक मोडीच्या निकषावर नापास झाली, लॅमिनेटेड सॉकेटांपैकी बहुसंख्य ठिसूळ मोडीच्या निकषावर. वर्कशॉप-वर्कशॉपमध्ये फरक पडणार हे अपेक्षितच होतं. पण एकाच वर्कशॉपमधून आलेल्या सॉकेटांमध्येही बराच फरक निघाला. अमेरिकेसारख्या देशात, प्रशिक्षित लोकांच्या हातून ही गत.

इथे थोडं तारतम्य हवं. पी-५ ला नापास झालेलं प्रत्येक सॉकेट वापरणाऱ्याच्या अंगावर मोडणारच, असं नाही. पंचावन्न किलोंच्या शिंप्याला ते सॉकेट कदाचित पुरेल. नव्वद किलोंच्या हमालाला पुरेल का? तो आकडा कुणाकडेच नसतो, आणि नसतो तो मोजलेला नाही म्हणून.

आता मूळ सबबीकडे येऊ. इमारतीचा प्रत्येक स्लॅबही एकमेव असतो. तोडून पाहिला तर त्या घरात राहायला कुणी जाणार नाही. म्हणून स्लॅबची चाचणी होत नाही का? होते. स्लॅब ओतताना त्याच मालातून दीडशे मिलिमीटरचे क्यूब भरतात, पाण्यात ठेवतात आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रावर चिरडतात. किती घनमीटर काँक्रीटमागे किती नमुने घ्यायचे, ते आयएस ४५६ मध्ये लिहिलेलं आहे. तालुक्याच्या गावातला कंत्राटदारसुद्धा ‘आमची प्रत्येक बिल्डिंग वेगळी आहे’ असं सांगून क्यूब भरायचं टाळू शकत नाही. सॉकेटवाल्यांना ही सवलत कुणी दिली?

सॉकेटचा क्यूब कसा असेल, हेही या संशोधनांनी दाखवून दिलं आहे. सरासरी आकाराच्या एका स्टंपचा, म्हणजे उरलेल्या पायाचा, साचा ठरवायचा. वर्कशॉपने आपल्या रोजच्या पद्धतीने, रोजच्या मालाने त्यावर सॉकेट बनवायचं. आत कठीण भरणाचा नकली स्टंप बसवायचा, खाली नेहमीचा अ‍ॅडॅप्टर लावायचा आणि मोडेपर्यंत दाबायचं. हे सॉकेट कुणाच्याच मापाचं नसतं, ते मोडण्यासाठीच बनवलेलं असतं. आजवर कुणाचंही वापरात असलेलं सॉकेट काढून घेऊन मोडावं, अशी मागणी कुणी केलेलीच नाही. ज्या मागणीला या क्षेत्रातली मंडळी उत्तर देत बसली आहेत, ती त्यांनी स्वतःच उभी केलेली आहे.

कृती तपासायची म्हणजे नेमकं काय, हे कळायला सॉकेटचं लॅमिनेशन एकदा जवळून पाहायला हवं. स्टंपवर प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून माप घेतलेलं असतं. त्यात पातळ प्लास्टर ओतून पॉझिटिव्ह मोल्ड काढलेला असतो. जिथे भार घ्यायचा तिथे तो घासून, जिथे हाड टोचतं तिथे भर घालून त्याला आकार दिलेला असतो. मग ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून मऊ केलेली पीव्हीएची पिशवी मोल्डवर ताणून चढवतात. तिच्यावर स्टॉकिनेट या विणलेल्या कापडाचे थर, मध्ये कार्बनची विणलेली नळी, खालच्या टोकाला जोडपट्टी, पुन्हा थर आणि बाहेरून दुसरी पिशवी. खालून व्हॅक्यूम सुरू होतो. वरच्या तोंडातून हार्डनर घातलेलं अ‍ॅक्रिलिक रेझिन ओततात आणि दोरीचा फास खाली-वर फिरवत ते थरांमध्ये मुरवतात.

या दहा-पंधरा मिनिटांत सॉकेटचं नशीब ठरतं. मे महिन्यात वर्कशॉपचा पारा चाळिशीला टेकलेला असतो, तेव्हा रेझिन लवकर धरतं. हार्डनरचं प्रमाण कमी केलं नाही तर दोरी खालपर्यंत पोचायच्या आतच ते घट्ट होऊ लागतं. मग खालच्या टोकाशी, नेमक्या जोडपट्टीच्या भोवती, धागे कोरडे राहतात. घाईत रेझिन जास्त ओतलं तर उलटा प्रकार होतो. त्याच खालच्या टोकाला रेझिनचं थारोळं साचतं, आणि तिथे धाग्याविना नुसतं प्लॅस्टिक उरतं. व्हॅक्यूमची नळी कुठे चुळचुळत असेल तर थरांत हवेचे बुडबुडे राहतात. वाळल्यावर, घासल्यावर, वरून कापडाची नक्षी दिसल्यावर यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही. बाहेरून सगळी सॉकेटं सारखीच तकतकीत. १९९९ साली ती दहाच्या दहा तळाच्या जोडापाशी का मोडली असावीत, याचा अंदाज हे काम पाहणाऱ्या कुणालाही येईल. भार तिथेच एकवटतो, आणि चुकीला जागाही तिथेच सर्वांत जास्त.

दुसरी सबब जास्त दिमाखदार आहे: ‘आमचं सॉकेट कार्बन फायबरचं आहे.’ जणू मालाचं नाव हेच चाचणीचं प्रमाणपत्र. ही समजूत रुजण्यामागे एक खरी आणि सुंदर गोष्ट आहे. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमधल्या पोलिओग्रस्त मुलांच्या पायांत तीन-तीन किलोंचे धातूचे कॅलिपर होते. क्षेपणास्त्रांसाठी विकसित केलेल्या कंपोझिटमधून त्यांच्यासाठी तीनशे ग्रॅमचे कॅलिपर बनवले, हे डॉ. अब्दुल कलाम आपल्या भाषणांत अनेकदा सांगत. गोष्ट खरी आहे, पण तिच्यातून निघालेला धडा चुकीचा आहे. तिथे वजन घटलं ते माल चमत्कारी होता म्हणून नव्हे. भार कुठून कुठे जातो याचा हिशेब करून, तो सोसेल इतकाच माल तिथे ठेवण्याची शिस्त क्षेपणास्त्रवाल्यांकडे होती म्हणून. माल वर्कशॉपपर्यंत आला, शिस्त मागेच राहिली.

कार्बन धाग्याची ताठरता काचेच्या धाग्याच्या सुमारे तिप्पट असते आणि वजन कमी असतं, यात वाद नाही. पण हे आकडे धागा सरळ आणि भाराच्या दिशेत असताना लागू होतात. स्टॉकिनेटसारख्या विणीत धागा वेटोळी घेत जातो, त्यामुळे त्याची ताकद पुरती वापरलीच जात नाही. तिरप्या वेणीची नळी पिळाला चांगली टक्कर देते, उभ्या वाकण्याला तितकी नाही. शिवाय कार्बनचा धागा दीड-दोन टक्के ताणला की तुटतो, काचेचा चार टक्क्यांच्या पुढेही तग धरतो. १९९९ च्या त्या चाचणीत वजनाच्या मानाने ताकदीत कार्बनच सरस ठरला, आणि तरीही पायरी त्यालाही गाठता आली नाही. ठिसूळ मोडीकडून मानक जास्त ताकद मागतं, ती तरतूद इथे लागू पडते. कार्बन घातला म्हणून सॉकेटची परीक्षा सोपी होत नाही, उलट अवघड होते.

जुलै २०२५ मध्ये डीआरडीओच्या हैदराबादच्या प्रयोगशाळेने आणि बीबीनगरच्या एम्सने देशी कार्बन फायबरचं पाऊल सादर केलं. १२५ किलोंपर्यंतच्या भारासाठी ते तपासलेलं असल्याचं जाहीर झालं. हे काम अभिमानाचं आहे. पण ते पाऊल ज्या सॉकेटला जोडलं जाईल, ते कुठल्या तरी गावातल्या वर्कशॉपमध्ये हाताने लॅमिनेट झालेलं असेल. पावलाचा आकडा माहीत, सॉकेटचा नाही. अशा वेळी पायाची एकूण क्षमता किती धरायची?

तिसरी सबब भावनिक आहे, आणि तिच्याशी आदराने वागायला हवं. ‘जयपूर फूट बनवला तेव्हा कुठे होती ही मानकं? लोक चालले ना!’ चालले, हे निर्विवाद आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कसबी कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जे उभं केलं, ते जगाच्या पाठीवर गाजलं. १९८१ मध्ये डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अनवाणी चालता यावं, उकिडवं बसता यावं, मांडी घालता यावी, या गरजा कुठल्याही पाश्चात्त्य कंपनीआधी त्यांनी ओळखल्या. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हे काम देशाबाहेरही नेलं.

पण त्या अनुभवाचा आधार कंपोझिट सॉकेटला घेता येत नाही, कारण तो वेगळ्या मालाचा अनुभव आहे. जयपूरचं सॉकेट एचडीपीईच्या नळीचं. शेतात पाण्याच्या पाइपलाइनला वापरतात तोच माल, भट्टीत मऊ करून मोल्डवर ओढलेला. तो जास्त भाराखाली वाकतो, फुगतो, पांढरा पडतो. वापरणाऱ्याला कळतं की आता वर्कशॉपची वाट धरायला हवी. कुठे टोचत असेल तर हीट गनने तेवढाच भाग तापवून बाहेर ढकलता येतो. लॅमिनेशन एकदा धरलं की पुन्हा मऊ होत नाही, आणि मोडायला निघालं की फारशी पूर्वसूचना देत नाही. एचडीपीईच्या वर्षानुवर्षांच्या अनुभवावर कार्बनची हमी देणं म्हणजे एकाच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्याला पास करणं.

शिवाय जयपूर पद्धतीचीही तपासणी झाली होती, हे विसरलं जातं. जेन्सेन आणि सहकाऱ्यांनी होंडुरास, युगांडा आणि भारतात हे पाय वापरणाऱ्यांचा मागोवा घेऊन २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. सॉकेटचं बसणं आणि कारागिरी यांत त्यांना ठळक उणिवा दिसल्या. त्या निष्कर्षांवर वाद घालता येईल, तपासायलाच नको होतं असं म्हणता येणार नाही.

चौथी सबब खर्चाची. चाचण्या सुरू केल्या तर गरिबाचा पाय महागेल, धर्मादाय शिबिरं बंद पडतील. आकडेच मांडून पाहावेत. स्थिर भाराच्या चाचणीला लागतात साधारण चार ते साडेचार हजार न्यूटन, म्हणजे अर्धा टनसुद्धा नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत लोखंडी सळ्या ताणायचं युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन असतं, बहुधा चाळीस टनांचं. एवढ्या मोठ्या यंत्रावर अर्ध्या टनाचं माप नेमकं येत नाही, त्यामुळे लहान क्षमतेचा लोड सेल जोडावा लागेल. भार बाजूला सरकवून देणारे दोन पोलादी हात कुठल्याही एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून मिळतील. आयआयटी मुंबईत २०१४ पासून वैद्यकीय उपकरणांसाठीचं बेटिक हे केंद्र आहे. पुण्यात १९४४ पासून लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, हाजी अलीला १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. माणसं, यंत्रं, जागा सगळं आहे. ते एका टेबलाभोवती आणायचं काम तेवढं बाकी आहे.

थकव्याची चाचणी वेळखाऊ आहे, हे मान्य. मानक ३० लाख आवर्तनं मागतं. सेकंदाला एक धरलं तर पस्तीस दिवस यंत्र अडकून राहतं. पण हे ३० लाख म्हणजे काय? दिवसाला पाच हजार पावलं चालणाऱ्याच्या कृत्रिम पायावर अडीच हजार वेळा भार येतो. त्या हिशेबाने सव्वातीन वर्षांचं चालणं यंत्र पाच आठवड्यांत करून दाखवतं. ही चाचणी प्रत्येक वर्कशॉपने करायची नाही. एखाद्या नव्या कृतीसाठी, मध्यवर्ती संस्थेने, एकदा करायची. रोजच्या कामात वर्कशॉपला लागेल तो एक डिजिटल वजनकाटा. रेझिन ओतण्याआधी थरांचं वजन, बाहेर काढल्यावर सॉकेटचं वजन, दोन्हींतून रेझिनचं प्रमाण निघतं. ते ठरलेल्या हद्दीबाहेर गेलं तर सॉकेट बाजूला ठेवायचं. याला किती खर्च येतो?

पाचवी हरकत सर्वांत वजनदार आहे, आणि ती प्रोस्थेटिस्ट, म्हणजे कृत्रिम पाय बसवणाऱ्या मंडळींची आहे. त्यांचं म्हणणं असं, की रुग्ण पाय टाकून देतात ते सॉकेट मोडलं म्हणून नव्हे, ते नीट बसत नाही म्हणून. कातडी सोलते, घाम साचतो, सकाळी घट्ट असलेलं सॉकेट संध्याकाळी स्टंप आक्रसल्यावर सैल होतं. सगळं लक्ष ताकदीवर लावलं तर खरी दुखणी मागे पडतील.

पहिलं अर्धं पूर्णपणे मान्य. बसणं हीच सॉकेटची पहिली कसोटी. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर भार घेणारं पीटीबी सॉकेट घडलं. पुढे आइसलँडच्या ऑसुर क्रिस्टिन्सन यांनी सिलिकॉनचा लायनर आणला. ही सगळी प्रगती कातडी आणि हाड यांना जपण्यासाठीच होती. पण ताकद आणि बसणं यांना एकमेकांसमोर उभं करणं बरोबर नाही. आकडा माहीत नसला की कारागीर काय करतो? भीतीपोटी आणखी दोन थर घालतो. सॉकेट जड होतं, काठ ताठ होतो, मांडीत रुततो. कुठे पातळ केलं तर चालेल हे माहीत असतं, तर काठ लवचीक ठेवता आला असता, बाजूला खिडकी ठेवता आली असती, वजन उतरवता आलं असतं. कातडीच्या सोयीसाठी सॉकेट कोरायचं असेल तर आधी त्याची ताकद माहीत हवी. थ्रीडी प्रिंटेड सॉकेटं, वनस्पतिजन्य रेझिनची सॉकेटं, रॅमीसारख्या नैसर्गिक धाग्याची सॉकेटं यांवर जगभर काम चालू आहे. त्यांतलं काय घ्यावं आणि काय सोडावं, हे मोडून पाहिल्याशिवाय कसं ठरवणार?

आयएसओ १०३२८ वरही आंधळा विश्वास ठेवायचं कारण नाही. त्यातल्या भाराच्या मुख्य स्थिती चालण्यावर बेतलेल्या आहेत. पंगतीत मांडी घातली की सॉकेटचा वरचा काठ आडवा दाबला जातो, भातलावणीच्या चिखलातून पाय उपसताना तो खालून ओढला जातो, आणि उकिडव्याने उठताना गुडघा पूर्ण दुमडलेल्या स्थितीत भार येतो. हे त्या मानकाच्या आकृत्यांत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात ओल रेझिनमध्ये मुरते. घाम, ओल आणि कार्बन एकत्र आले की त्याला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम गंजतं. या सगळ्यांसाठी आपल्या स्थिती, आपल्या चाचण्या लिहाव्या लागतील. मानक परकं आहे म्हणून ते टाळण्यापेक्षा त्यात आपली भर घालणं जास्त स्वाभिमानाचं.

मग मागायचं काय? चार गोष्टी. प्रत्येक वर्कशॉपची सॉकेटची कृती लिखित असावी: धागा, थर, रेझिन, हार्डनर, जोड. ती कृती ६०, ८० किंवा १०० किलो यांपैकी कोणत्या पातळीला उतरली, ते नमुना मोडून ठरलेलं असावं, आणि तो आकडा रुग्णाच्या कार्डावर लिहिलेला असावा. ठरावीक संख्येमागे एक नमुना पुन्हा मोडून पाहावा. आणि वापरात तडकलेलं प्रत्येक सॉकेट कचऱ्यात न टाकता कधी, कुठे, कसं मोडलं या नोंदीसह परत मागवावं. आज ही तडकलेली सॉकेटं बहुधा भंगारात जातात आणि त्यांच्याबरोबर त्यांची माहितीही.

यासाठी नवा कायदा लागत नाही. दिव्यांगांना साधनं देणारी केंद्र सरकारची अ‍ॅडिप योजना १९८१ पासून चालू आहे. टिकाऊ, शास्त्रीय पद्धतीने बनवलेली, आधुनिक आणि प्रमाणित साधनं मिळवून देणं, असाच तिचा उद्देश लिहिलेला आहे. पाऊल आणि अ‍ॅडॅप्टर खरेदी करताना त्याचा अर्थ चाचणी-अहवाल असा घेता येतो. सॉकेटच्या बाबतीतही तोच घ्यावा, आणि ज्या पुरवठादाराच्या बिलासोबत कृतीचा तक्ता व मोडलेल्या नमुन्याचा आकडा जोडलेला नसेल त्याचं बिल परत पाठवावं.